हे महाराज कुठल्या फडाचे?

देगलूर हे तसे कीर्तनाचे गाव. धुंडा महाराज देगलूरकरांमुळे आमच्या गावाचे नाव वारकऱ्यांच्या तोंडी बसले. अशा गावातल्या माळकरी घरात मी वाढलो आणि पुढे मराठीचा प्राध्यापक झालो. कॅथलिक धर्माशी माझा संबंध एवढाच, की फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ शिकवावे लागे, आणि ते मी दोन तासांत उरकून टाकीत असे.

२०१९ च्या सप्टेंबरात बातमी आली, की उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरणाऱ्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. कॅथलिक धर्मगुरूला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. लगोलग विरोध सुरू झाला. धमक्यांचे फोनही गेले. धमक्या मला मुळीच रुचल्या नाहीत. पण वाचकांपासून काय लपवावे? ‘साहित्याच्या गादीवर पाद्री कशाला?’ हा प्रश्न माझ्याही मनात डोकावलाच. दिब्रिटोंचे एकही पुस्तक तोवर मी वाचलेले नव्हते, हे विशेष!

संमेलनाला जायचे ठरले. तेरला गोरोबाकाकांचे दर्शन होईल म्हणून आईही निघाली. उदगीर, लातूर करीत आम्ही पोहोचलो. १० जानेवारी २०२०. दिब्रिटोंना प्रकृतीची साथ नव्हती. पण शब्दांना धार होती. भोवतालच्या अन्यायापुढे लेखकाने मुके राहू नये, असे ते सांगत होते. आईने बराच वेळ ऐकले आणि हळूच विचारले, “काय रे, हे महाराज कुठल्या फडाचे?”

“अगं, ते वारकरी नव्हेत. वसईचे फादर आहेत, ख्रिस्ती.”

“असू देत की. बोलणं तर आपलंच आहे!”

पन्नाशीकडे झुकलेल्या प्राध्यापकाला माळकरी आईने असा धडा दिला. घरी परतल्यावर मी ‘क्रिस्तपुराण’ पहिल्यांदा मन लावून वाचले. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट. त्याने आमची ओवी उचलली आणि हजारो ओव्यांत बायबलची कथा सांगितली. मराठीची थोरवी गाताना रत्न, मोगरी, कस्तुरी अशी उपमांची रांगच लावली. १६१६ साली रायतूरला हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. मात्र नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच गोव्यात तेव्हा देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती आणि इन्क्विझिशनचा दरारा होता. नव्या ख्रिस्ती झालेल्यांच्या हातून जुनी पुराणे गेली, म्हणून तर नव्या पुराणाची गरज भासली! गोडवा आणि जुलूम एकाच अंगणात नांदत होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पुराण मराठीत आले, तरी वेदीवरची मुख्य उपासना लॅटिनमध्येच राहिली. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती १२९० साली. मराठी कॅथलिकांची मिस्सा मराठीत व्हायला मात्र विसाव्या शतकातली दुसरी व्हॅटिकन परिषद यावी लागली. ती १९६२ ते १९६५ या काळात भरली. ती चालू असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेससाठी आले. भारतात आलेले ते पहिले पोप. इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना उद्धृत केली. ज्या संस्थेने एके काळी आमच्या पोथ्या वर्ज्य ठरवल्या, तिचाच सर्वोच्च गुरू आमच्या उपनिषदाचा आधार घेत होता. साडेतीन शतकांत माणसे बदलतात, संस्थाही बदलतात.

म्हणून सारे धर्म एकच, असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. काल्याचा प्रसाद आणि मिस्सेतली भाकर या सारख्या गोष्टी नव्हेत. आपल्याला काला हा प्रसाद. कॅथलिकांच्या श्रद्धेत ती भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्ताचे शरीर. हा फरक पुसायचा कशाला? शेजाऱ्याचे घर आपल्यासारखे नसले, तरी त्याच्या ओट्यावर बसता येतेच की!

पुढे दिब्रिटोंची पुस्तके मिळवून वाचली. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता, हेही मला तेव्हाच कळले. वसईच्या हिरवाईसाठीही ते झगडले होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांना एक पत्र लिहायचे मनात होते; माझ्या त्या पहिल्या प्रश्नाची कबुली द्यायची होती. ते राहूनच गेले.

आता वर्गात ‘क्रिस्तपुराण’ मी उरकत नाही. ओव्या मोठ्याने वाचतो, आणि देवळे पाडल्याचेही सांगतो. परवा एका मुलाने विचारले, “सर, हे परीक्षेला येतं का?”

म्हटले, “माझ्या परीक्षेला आलं होतं बाबा. पेपर आईने काढला होता.”