मोठ्या फुलांचा जपानी आयरिस : लागवड आणि वाणांची नावे

जपानमध्ये जून महिन्यात पाऊस सुरू झाला की 'हानाशोबू' फुलतो. हाच मोठ्या फुलांचा जपानी आयरिस. शास्त्रीय नाव आयरिस एन्साटा. चांगल्या वाणाचे फूल २० सें.मी. रुंद भरते.

वाणांचे गट : मात्सुदाइरा सादातोमो (१७७३-१८५६) यांनी बियांपासून रोपे करून व त्यांतून निवड करून अनेक वाण तयार केले. प्रमुख गट तीन आहेत. एदो गट बागेत लावण्यास काटक आहे. कुमामोतो भागातील हिगो गटाची फुले सर्वांत मोठी असून ती कुंडीत वाढवून घरात मांडतात. इसे गटाच्या पाकळ्या मऊ व खाली झुकलेल्या असतात.

जमीन व लागवड : जमीन सेंद्रिय पदार्थयुक्त व सामू ५.५ ते ६.५ असावा. चुना किंवा हाडांचे खत देऊ नये. आपल्याकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत याची पाने पिवळी पडतात. शिवाय या पिकाला हिवाळ्यातील कडक थंडी लागते. फुले येईपर्यंत भरपूर पाणी द्यावे, मात्र हिवाळ्यात मुळाशी पाणी साचू देऊ नये.

दरवर्षी नवी मुळे जुन्या मुळांच्या वर फुटतात व गड्डा उघडा पडतो. म्हणून दर तीन-चार वर्षांनी फुलोरा संपल्यावर गड्डे काढावेत, दोन-तीन फुटव्यांचे भाग करावेत, पाने निम्मी छाटावीत आणि ५ सें.मी. खोल, नव्या जागी लावावेत.

नावाची शुद्धता : बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळे निघते. त्यामुळे वाणाचे नाव फक्त गड्ड्याच्या विभागणीतून आलेल्या रोपालाच लागू होते. बोंडे तशीच राहिली तर बी गड्ड्यातच पडून उगवते आणि काही वर्षांनी जुन्या नावाखाली भलतेच फूल विकले जाते. गिऱ्हाईक एकदा फसले की पुन्हा येत नाही. यासाठी :

१. सुकलेली फुले बोंड धरण्यापूर्वीच खुडावीत.
२. पाटी हरवते, म्हणून वाफ्यांचा नकाशा वहीत ठेवावा.
३. फुलोऱ्यात भेसळीची रोपे उपटावीत.
४. जपानी नावाचे भाषांतर करू नये.

नव्या वाणाची आंतरराष्ट्रीय नोंद अमेरिकन आयरिस सोसायटीकडे होते. एकदा नोंदलेले नाव सहसा दुसऱ्या आयरिसला देता येत नाही.

हे पीक आपल्या हवामानाचे नसले तरी त्यातील धडा आपल्या कामाचा आहे. थॉमसन सीडलेसमधून निवडलेली तास-ए-गणेश द्राक्षे काडीनेच वाढवली, म्हणून ती आजही तीच आहेत. आपल्या बागेतील काडी, कलम किंवा बेणे देताना मातृवृक्षाची नोंद ठेवा. नाव शुद्ध राहिले तरच वाण टिकतो.