हँडब्रेक अडकला? आधी दोष कोठे आहे ते शोधा, मग पाना उचला

पावसाळ्यात दोन-तीन दिवस उभी असलेली गाडी सकाळी सुरू करावी, गिअर टाकून क्लच सोडावा आणि मागून कोणी धरून ठेवल्याप्रमाणे गाडी जागची हलू नये, हा अनुभव टेंपो, व्हॅन किंवा छोटी मालगाडी चालविणाऱ्यांना नवा नाही. हँडब्रेकची दांडी खाली केलेली असते, तरी मागची चाके सुटत नाहीत. माल भरलेला असतो, गिऱ्हाईक खोळंबलेले असते. अशा घाईत ड्रायव्हर एक्सिलेटर दाबून गाडी तशीच ओढतो किंवा मिस्त्री आल्या आल्या ड्रम खोलावयास बसतो. पहिल्या प्रकारात गाडीचे नुकसान होते आणि दुसऱ्यात कित्येकदा मालकाचा दिवस व पैसा विनाकारण जातो.

या पानाच्या वाचकांपैकी कित्येकांचा टेंपो आहे, तर कित्येकांचे गॅरेज. दोघांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागच्या चाकांना ड्रम व तारेची केबल असलेल्या गाडीचा हँडब्रेक मुख्यतः तीन ठिकाणी अडकतो : दांडीत, केबलमध्ये किंवा ड्रमच्या आत. याच क्रमाने तपासले तर बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत दोष सापडतो.

आधी सुरक्षितता

गाडी सपाट जमिनीवर असावी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रलमध्ये आणि मागचे चाक उचललेले असताना गाडीला धरून ठेवणारे दुसरे काहीच नसते. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नये. लोखंडी घोडी लावल्याशिवाय काम सुरू करू नये.

पहिली जागा : दांडी

दांडीचे बटण दाबले जात नसेल तर ते ठोकू नये. दांडी आणखी थोडी वर ओढावी, म्हणजे खाचेवरचा ताण कमी होतो. मग बटण दाबून दांडी खाली न्यावी. बटण दाबले जाते पण दांडी मध्येच थांबते, असे झाल्यास दात्यांमध्ये घाण साचली आहे किंवा स्प्रिंग तुटली आहे असे समजावे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला नाही म्हणून हँडब्रेक अडकलाच असे मात्र समजू नये. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाले तरी तोच दिवा लागतो.

दुसरी जागा : केबल

दांडी पूर्ण खाली येते पण चाक सुटत नाही, तर गाडीखाली पाहावे. दांडीकडून येणारी ओढ जेथे दोन चाकांकडे वाटली जाते, तो जोड शोधावा. दांडी खाली असताना दोन्ही केबल हाताला ढिल्या लागल्या पाहिजेत. एखादी ताणलेलीच राहिली तर तिच्या वेष्टनात पाणी शिरून तार गंजली आहे असा संशय घ्यावा. खात्रीसाठी ती केबल जोडापासून सोडवून चाकाकडचे टोक ढिले करावे. चाक लगेच फिरू लागले तर दोष केबलचाच आहे. ड्रमला हात लावण्याची गरज नाही.

गंजलेल्या केबलमध्ये तेल सोडले की ती दोन-चार दिवस चालते आणि पुन्हा अडकते. वेष्टन फाटलेली केबल बदलणे हाच उपाय. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत, त्यातही मासळीचे पाणी गळणाऱ्या गाड्यांत, केबल लवकर गंजते. तेथे दोन्ही बाजूंच्या केबल एकदमच बदलणे परवडते. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडसारख्या बाजारात जुने सुटे भाग स्वस्तात मिळतात. पण ब्रेकची केबल जुनी घेऊ नये. आतली तार किती खाल्ली गेली आहे हे बाहेरून दिसत नाही.

तिसरी जागा : ड्रम

केबल ढिली आहे, तरी चाक जाम आहे, तर दोष ड्रममध्ये आहे. ड्रम ओतीव लोखंडाचा असतो. गाडी धुऊन किंवा पावसात भिजून हँडब्रेक लावून उभी राहिली की लायनर व ड्रम यांच्यामध्ये गंज धरतो आणि दोघे एकमेकांना चिकटतात.

अशा वेळी दांडी खाली ठेवून गाडी हलक्या हाताने एकदा पहिल्या गिअरमध्ये व एकदा रिव्हर्समध्ये किंचित हलवावी. पुष्कळदा ‘टक्’ असा आवाज होऊन चाक सुटते. दोन-तीन प्रयत्नांत सुटले नाही तर थांबावे. जोर केल्यास लायनर शूच्या पत्र्यापासून उखडतो आणि सुटा तुकडा ड्रममध्ये अडकून चाक अधिकच जाम होते.

मग चाक काढून ड्रमच्या तोंडावर, बोल्टांच्या मधल्या भागात, लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोके द्यावेत. कडेवर घाव घालू नये. ओतीव लोखंडाला तडा जातो. अनेक छोट्या गाड्यांच्या ड्रमला आट्यांची दोन भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने सारखे आवळले की ड्रम बाहेर सरकतो. तरीही अडला तर मागच्या बाजूने अॅडजस्टर ढिला करावा.

ड्रम निघाल्यावर रिटर्न स्प्रिंग तुटली आहे का, आतला लिव्हर गंजला आहे का, व्हील सिलिंडरमधून ऑइल गळते का, हे पाहावे. लायनर उखडलेला किंवा तेलाने भिजलेला असेल तर दोन्ही चाकांचे शू बदलावेत. एकाच बाजूचे बदलल्यास ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

कारागिरांनी स्वतःच्या जिवासाठीही एक गोष्ट पाळावी. ड्रममधील काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाचा कर्करोग करते. ओल्या फडक्याने पुसावे व तोंडाला मास्क लावावा. जाम ड्रम सोडविण्यासाठी त्यावर गॅसची ज्योत धरणे किंवा लायनरवर डिझेल-रॉकेल ओतणे हे दोन्ही उपाय धोक्याचे आहेत. एकाने सिलिंडरचे रबर जळते, दुसऱ्याने ब्रेकच लागेनासा होतो.

अर्धवट सुटलेला ब्रेक

पूर्ण अडकलेल्या ब्रेकपेक्षा अर्धवट लागलेला ब्रेक जास्त घातक, कारण गाडी चालत राहते. डिझेल जास्त लागते, जळका वास येतो, एक चाक दुसऱ्यापेक्षा गरम होते. डॉट ३ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ओलावा शोषलेल्या ऑइलची तीच किमान मर्यादा १४० अंश आहे. ते उकळले की पाइपात वाफ होते आणि घाटात नेमका पायाचा ब्रेक खाली जातो. वास आला की गाडी बाजूला घ्यावी, हात चाकाला न लावता जवळ नेऊन दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात आणि चाक आपोआप थंड होऊ द्यावे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये.

या दोषाचे मूळ कित्येकदा आपल्याच दुरुस्तीत असते. हँडब्रेक ढिला झाला की केबल आवळून दिली जाते. खरे म्हणजे आधी ड्रममधला शू योग्य अंतरावर आणावा व शेवटी केबल जुळवावी. उलट केल्यास दांडी खाली असतानाही शू ड्रमला घासत राहतो. काम संपल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरतात याची खात्री केल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नये.

दगडाचा उपाय नको

कटकट नको म्हणून काही ड्रायव्हर केबलच काढून टाकतात आणि चाकाखाली दगड ठेवून काम भागवितात. उतारावर माल उतरविताना तो दगड सरकला तर मागे उभा असलेला हमाल किंवा रस्त्यावरचे मूल सापडते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ प्रमाणे पायाच्या ब्रेकशिवाय स्वतंत्र पार्किंग ब्रेक असणे बंधनकारक आहे. तो नसेल तर फिटनेस सर्टिफिकेट अडते.

मोठ्या ट्रकांच्या हवेच्या ब्रेकला वरील पद्धत लागू नाही. तेथे हवेचा दाब कमी असला की स्प्रिंगच ब्रेक लावून धरते. त्या चेंबरमधील स्प्रिंग इतक्या जोराने दाबलेली असते की तो खोलताना माणसाचा जीव जाऊ शकतो. ते काम जाणकार कारागिराकडेच द्यावे.

ध्यानात ठेवण्याजोगे

गाडी धुतल्यावर थोडे अंतर चालवून दोन-तीनदा ब्रेक मारावा, म्हणजे लायनर सुकतो. सपाट जागी गाडी बरेच दिवस उभी करावयाची असल्यास हँडब्रेकऐवजी गिअर टाकून चाकांना ठोकळे लावावेत. उतारावर मात्र हँडब्रेक, गिअर व ठोकळा तिन्ही हवेत. रोजच्या वापरात हँडब्रेक टाळू नये. केबल हलती राहिली तर ती सहसा जाम होत नाही.