घराण्यातला बीपी आणि ताटातले मीठ
लेखमाला : ओळख रक्तदाबाची – लेख सहावा

मागच्या लेखात आपण रक्तदाब कसा मोजतात आणि १४०/९० हा आकडा कशासाठी लक्षात ठेवायचा ते पाहिले. आज एका वाक्याचा विचार करू. कारधा असो, भंडारा असो की लाखनी-साकोलीकडचे एखादे गाव, हे वाक्य घरोघरी ऐकू येते: ‘आमच्या घराण्यातच बीपी आहे.’ वडिलांना होता, काकांना लकवा झाला, आता आपली पाळी, असा त्याचा सूर असतो. त्या वाक्यात तथ्य आहे. आई-वडिलांना उच्च रक्तदाब असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता वाढते, यावर वैद्यकशास्त्रात दुमत नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘रक्तातच आहे, मग काय करणार?’ असे म्हणून माणूस तपासणी टाळतो, गोळी मध्येच सोडतो, ताटातले लोणचे तसेच ठेवतो. वारसा खरा असला तरी हा निष्कर्ष खोटा आहे, हे मला या लेखात मांडायचे आहे. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा जपानमध्ये मिळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये मेंदूचा पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. १९५१ ते १९८० अशी जवळपास तीस वर्षे ते स्थान हलले नाही. सर्वांत वाईट स्थिती होती ईशान्येकडच्या अकितासारख्या भागांत. तिथे हिवाळाभर बर्फ असतो, त्यामुळे मिठात मुरवलेल्या भाज्या, खारवलेले मासे आणि सोयाबीनच्या खारट मिसोचे सार हे रोजचे जेवण. १९६० मध्ये अमेरिकी संशोधक लुईस डाल यांनी एक आलेख मांडला. त्यात उत्तर जपानमधली माणसे रोज सरासरी सुमारे २६ ग्रॅम मीठ खात होती, दक्षिण जपानमधली सुमारे १४ ग्रॅम. आणि उच्च रक्तदाबाचे प्रमाण उत्तरेत जवळपास दुप्पट होते. डाल यांच्या आलेखात पाचच समूह होते, त्यामुळे त्यावर आक्षेप आले आणि ते रास्तच होते. पण याच डाल यांनी नंतर उंदरांचे दोन वाण निवडून वाढवले. दोन्हींना सारखेच खारट खाणे दिले. एका वाणाचा दाब चढत गेला, दुसऱ्याचा फारसा हलला नाही. मिठाचा दोष दाखवणाऱ्या माणसानेच जनुकांचा वाटाही दाखवला. मीठ कोणाला किती बाधेल हे वारसा ठरवतो, पण मीठच नसेल तर त्या वारशाला काम करायला फारसा वाव उरत नाही.

माणसांतली ही जनुके कोणती? २०११ मध्ये जपानसह पूर्व आशियातल्या सुमारे १९,६०० लोकांच्या जनुकांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा जनुकसंचातल्या रक्तदाबाशी जोडलेल्या काही नव्या जागा हाती आल्या. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसांच्या अभ्यासानंतर अशा जागांची संख्या ९०० च्या पुढे गेली. त्यांतल्या बहुतेक एकेका जागेचा परिणाम पाऱ्याच्या एका मिलिमीटरएवढाही नाही. कारधा पुलापाशी वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे. ती ओलांडली जाते तेव्हा दोष एका नाल्याचा नसतो. वरून बाघ आणि बावनथडीचे पाणी आलेले असते, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडलेले असतात. दाबाचा वारसाही असाच शेकडो लहान धारांचा आहे. एकाच जनुकातल्या बिघाडाने दाब चढतो असे काही दुर्मीळ आजार आहेत. रिचर्ड लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात त्यांचा माग काढला, तेव्हा जवळपास प्रत्येक बिघाड मूत्रपिंडाने मीठ धरून ठेवणे किंवा सोडणे याच कामात निघाला. जनुकांचा माग काढतानाही शेवटी मिठापाशीच यावे लागले.

पूर्व आशियात सापडलेल्या जागांपैकी एक फार बोलकी आहे. दारू पोटात गेली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते. एएलडीएच२ हे विकर त्याचा निचरा करते. सुमारे ४० टक्के जपानी लोकांत या विकराचे जनुक वेगळे असते आणि निचरा मंदावतो. दोन घोटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. अशी माणसे साहजिकच कमी पितात, आणि त्यांचा दाबही कमी राहतो. मुख्यतः जपानमधल्या अभ्यासांवर आधारलेल्या २००८ च्या विश्लेषणात, ज्या पुरुषांत हे विकर पूर्ण सक्षम होते त्यांचा वरचा दाब अजिबात सक्षम नसलेल्यांपेक्षा सुमारे ७ मिलिमीटरने जास्त आढळला. हे जनुक थेट रक्तवाहिनी आवळत नाही. ते माणसाच्या पिण्यावर परिणाम करते आणि ते पिणे दाब चढवते. सक्षम विकर असलेल्या माणसाने दारूच सोडली तर त्या वारशाचा धोका तिथेच थांबतो.

इथे एक आक्षेप येतो. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून रक्तदाबातला ३० ते ५० टक्के फरक आनुवंशिक असल्याचे दिसते. मग निम्मा दाब आपल्या हाताबाहेरच नाही का? नाही, कारण हा आकडा एकाच समाजात, एकाच काळात माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचा आहे. अख्ख्या समाजाचा दाब वर-खाली कशाने होतो, हे तो सांगत नाही. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात हिरोशिमा-नागासाकीतले, हवाईतले आणि सॅन फ्रान्सिस्कोतले जपानी पुरुष एकमेकांशी ताडून पाहिले गेले. पूर्वज एकच, पण पक्षाघात जपानमध्ये जास्त आणि हृदयविकार अमेरिकेत जास्त. पुढे जपानने गावोगावी दाब तपासला, मिठाविरुद्ध लोकशिक्षण केले, औषधे पोहोचवली. घरोघरी फ्रिज आल्यावर खारवून ठेवण्याची गरजही घटली. १९६५ ते १९९० या काळात पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी उतरले. पंचवीस वर्षांत कोणत्याही राष्ट्राची जनुके बदलत नाहीत. जपानमध्ये बदलले ते ताट आणि दवाखाना.

दुसरा आक्षेप असा की जपानी माणसाचे आपल्याला काय? तो निम्मा बरोबर आहे. एएलडीएच२ चे ते रूप भारतीयांत क्वचितच आढळते, म्हणून परदेशी समूहांवर बेतलेले, जनुकांवरून धोका मोजणारे गुणांक आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन झाले, ते याच उणिवेवर उत्तर शोधण्यासाठी. पण मूत्रपिंड आणि मीठ यांचे नाते देशागणिक बदलत नाही. तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा: रोवणीच्या चिखलात दिवसभर घाम गाळणाऱ्याला मीठ नको का? हवे, पण आपण समजतो त्याहून फार कमी. १९८८ मध्ये ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ॲमेझॉनच्या उष्ण जंगलातले यानोमामी लोकही होते. ते मीठ जवळजवळ खातच नव्हते. त्यांचा सरासरी दाब ९५/६१ होता आणि वयाबरोबर तो वाढतही नव्हता. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ सांगते. आपल्याकडे भाताबरोबरचे लोणचे, पापड, ठेचा, सुकट आणि वरून भुरभुरलेले मीठ मिळून ती मर्यादा सहज मोडते.

म्हणून ‘घराण्यात बीपी आहे’ हे वाक्य लवकर तपासणी करण्याचे कारण म्हणून वापरले पाहिजे. त्यासाठी महागडी जनुकीय चाचणी लागत नाही. आई-वडील, काका-मामा, आत्या-मावशी यांच्या आजारांची आठवण आणि दंडाला बांधायची पट्टी एवढे पुरते. भंडारा जिल्ह्याला याची खास संधी मिळाली आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून जे पहिले जिल्हे निवडले गेले, त्यांत भंडारा होता. साधी ठरलेली औषधे, सरकारी दवाखान्यात मोफत पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, अशी ती पद्धत. या उपक्रमात उपचार घेणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांचा दाब आटोक्यात आला, आणि २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. त्या सगळ्यांची जनुके होती तीच राहिली, तरीही दाब उतरला. तेव्हा वयाची तिशी ओलांडली असेल आणि घरात कोणाला बीपी किंवा लकवा झाला असेल, तर या आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाब मोजून घ्या. जेवताना मिठाची वाटी ताटाजवळ ठेवू नका. आणि गोळी सुरू असेल, तर बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नका.