परीक्षा विषयाची की भाषेची?
बहुभाषिक वर्गातील मूल्यमापनाविषयी काही विचार

उत्तरपत्रिकेत दिसणारे अपयश नेहमी एकाच कारणाचे फळ असते असे नाही. ज्या विद्यार्थ्याची घरची भाषा शाळेच्या भाषेहून भिन्न आहे, त्याचे उत्तर चुकले असता तीन शक्यता संभवतात. विषयच समजला नसेल. विषय समजला, परंतु प्रश्नाची भाषा समजली नसेल. किंवा प्रश्नही समजला, परंतु उत्तर मांडण्यास शब्द अपुरे पडले असतील. गुणपत्रक या तिन्हींची नोंद एकाच आकड्याने करते. हे प्रकार वेगळे कसे ओळखावेत व ओळखल्यावर काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात मेळघाटातील कोरकू बालकांच्या उदाहरणाने करावयाचा आहे.

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके मेळघाटात मोडतात. येथील कोरकू ही मुंडा गटातील, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुलातील भाषा होय. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सात लक्षांहून अधिक नोंदले गेले असून ते मुख्यतः मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांत आहेत. मराठी ही इंडो-आर्य भाषा. अर्थात् कोरकू बालकाच्या दृष्टीने शाळेची मराठी ही आपल्या बोलीचे प्रमाण रूप नसून सर्वस्वी निराळी भाषा असते.

या भिन्नतेचे स्वरूप शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. मराठीत नामास तीन लिंगे असून क्रियापदही त्यानुसार बदलते: ‘आंबा खाल्ला’, ‘भाकरी खाल्ली’, ‘फळ खाल्ले’. कोरकूत नामांची मुख्य विभागणी सजीव व निर्जीव अशी आहे. तेव्हा एखाद्या बालकाने ‘भाकरी खाल्ला’ असे लिहिले, तर ती बुद्धीची उणीव नसून एका व्याकरणाची घडण दुसऱ्यावर पडल्याची खूण आहे. उलटपक्षी, ऐकणाऱ्यास धरून होणारे ‘आपण’ आणि त्यास वगळून होणारे ‘आम्ही’ हा भेद हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या सर्वनामांत नाही. मराठीत व कोरकूत मात्र तो आहे. कोरकूत तर द्विवचनही असल्याने हा भेद अधिकच सूक्ष्म होतो. जे बालकापाशी आधीच आहे, त्याचा उपयोग करून घेता येतो तो असा.

कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ साली संभाषणातील भाषाप्रभुत्व आणि अभ्यासविषयातील भाषाप्रभुत्व यांत भेद केला. परभाषक बालकांच्या मानसशास्त्रीय तपासण्यांची कागदपत्रे अभ्यासताना त्यांस असे आढळले की, मूल इंग्रजी सफाईने बोलते एवढ्यावरून त्याची भाषिक अडचण संपली असे गृहीत धरले जाई व पुढील अपयशाचा दोष त्याच्या बुद्धीवर ठेवला जाई. व्यवहारापुरते बोलणे सुमारे दोन वर्षांत येते. अभ्यासाची भाषा समवयस्कांच्या बरोबरीस येण्यास मात्र पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या द्विभागणीवर पुढे आक्षेप घेतले गेले; भाषाप्रभुत्वाचे असे दोनच कप्पे पाडणे कित्येकांस मान्य नाही. तथापि बोलण्यावरून आकलनाचे अनुमान करू नये, ही त्यातील सूचना मोलाची आहे.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. वजाबाकीचे एकच उदाहरण तीन प्रकारे द्यावे: प्रथम केवळ अंकांत, १५ − ६, नंतर खडे किंवा चिंचोके मांडून, शेवटी ‘पंधरा आंब्यांपैकी सहा विकले, तर किती उरले?’ अशा शब्दांत. पहिल्या दोहोंत यश व तिसऱ्यात अपयश आल्यास अडचण ‘पैकी’ व ‘उरले’ या शब्दांशी असण्याचा संभव अधिक. तिन्हींत अपयश आल्यास गणिताचे अध्यापन पुन्हा करावयास हवे. संख्यावाचनातही असाच विवेक हवा. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात, पण लिहिताना दोन आधी येतो. मराठीभाषक बालकही येथे अडखळते. मूळ चाचणीचे शब्दशः भाषांतर करून भागेल असेही नाही, कारण भाषांतराने प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते.

निदानानंतर साह्य यावे. मुलांना आपसांत कोरकूत चर्चा करू द्यावी व निष्कर्ष मराठीत मांडावयास सांगावे. पाठातील मोजके पारिभाषिक शब्द आधी वस्तू व चित्रे दाखवून पक्के करावेत. लेखनातील आशय आणि भाषा यांस स्वतंत्र गुण द्यावेत. शिक्षकास कोरकू येत नसल्यास गावातील जाणत्या व्यक्तीचे साह्य घ्यावे. मराठीचे अध्यापन यामुळे मागे पडत नाही. एका भाषेत दृढ झालेली संकल्पना दुसरीत नव्याने शिकावी लागत नाही, केवळ तिचे नाव शिकावे लागते.

राज्यघटनेत १९५६ साली समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्य समाजांतील बालकांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्यास सांगतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषेच्या माध्यमाचा पुरस्कार करतो. परंतु कायद्याचा हेतू वर्गात सफल होतो तो शिक्षकाच्या निर्णयातून. ‘मंदबुद्धी’ हा शेरा एकदा पडला की मुलाकडून अपेक्षा कमी होतात व त्या घटलेल्या अपेक्षाच पुढे त्याची प्रगती रोखतात. म्हणून असा शेरा मारण्यापूर्वी त्या बालकास निदान एकदा तरी त्याच्या स्वतःच्या भाषेत प्रश्न विचारला गेला होता काय, याची खात्री करून घेणे हे परीक्षकाचे प्रथम कर्तव्य होय.