जिमखाना: इथे पेठेसारखा भाग, तिकडे घोड्यांचा खेळ

पुण्यात 'डेक्कन जिमखान्यावर भेटू' म्हटलं की आपण क्लब नव्हे, अख्खा परिसर समजतो. १९०६ साली स्थापन झालेल्या क्रीडासंस्थेचं नाव भोवतालच्या वस्तीला कायमचं चिकटलं. इंग्लंडमध्ये मात्र जिमखाना म्हणजे घोडेस्वारीच्या गमतीदार शर्यती! तिथली मुलं तट्टांवर बसून खांबांमधून नागमोडी वळणं घेतात, निशाणं उचलतात, घड्याळाशी स्पर्धा करतात.

हा शब्द आला कुठून? बहुतेक अभ्यासकांच्या मते 'गेंदखाना' या हिंदुस्थानी शब्दातून, म्हणजे चेंडू खेळायची जागा. इंग्रजांनी 'जिम्नॅस्टिक्स'च्या प्रभावाखाली 'गेंद'चं 'जिम' केलं. 'खाना' हा फारसी शब्द मात्र टिकला. लष्करी छावण्यांमधल्या मैदानांवर खेळांबरोबर घोड्यांच्या शर्यतीही होत. त्यातूनच पुढे हा शब्द ठिकाणाऐवजी तिथल्या स्पर्धांसाठी वापरात आला आणि साहेबांसोबत विलायतेला गेला.

इकडे मात्र जिमखाना ही खेळाची जागाच राहिली. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली क्रिकेट कसोटी झाली. मरीन ड्राइव्हवर पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखाने आजही शेजारीशेजारी आहेत.

तुमच्या गावात जिमखाना आहे का? त्याची गोष्ट खाली नक्की लिहा.