महागाईचा आकडा आवाजात सांगताना : रेडिओ निर्मात्याचे काम कसे चालते

किरकोळ महागाईचा दर उतरल्याची बातमी अधूनमधून येते आणि त्याच संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन घरी परतणाऱ्या माणसाला ती खोटी वाटते. वास्तविक बातमी खोटी नसते आणि त्या माणसाचा अनुभवही खोटा नसतो. या दोहोंमधील अंतर सोप्या शब्दांत उलगडून दाखवणे, हे रेडिओवर दैनंदिन अर्थव्यवहारांविषयी कार्यक्रम करणाऱ्या निर्मात्याचे मुख्य काम असते.

या कामाची पहिली अडचण माध्यमाचीच आहे. वृत्तपत्राचा वाचक न समजलेली ओळ पुन्हा वाचू शकतो, तक्ता पाहू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. त्यामुळे एका वाक्यात एकच आकडा आणि त्याला लगेच व्यवहारातील जोड, हा संहितालेखनाचा साधा नियम ठरतो.

महागाईचेच उदाहरण घेता येईल. दर 6 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला, याचा अर्थ वस्तू स्वस्त झाल्या असा होत नाही. 100 रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी 106 रुपयांना मिळू लागली असेल, तर दुसऱ्या वर्षी तिच्यासाठी 110 रुपये 24 पैसे मोजावे लागतात. भाववाढ चालूच राहते, फक्त तिचा वेग मंदावतो. शिवाय ही झळ सर्वांना सारखी लागत नाही. 2012 हे आधारवर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेये या गटाचा भार ग्रामीण भागासाठी 54.18 टक्के, तर शहरी भागासाठी 36.29 टक्के होता. खेड्यातील कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा किती मोठा असतो, हे त्यावरून लक्षात येते.

रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराची बातमीही अशीच घरापर्यंत न्यावी लागते. 20 वर्षे मुदतीच्या 20 लाख रुपयांच्या गृहकर्जावर व्याजदर साडेआठवरून 9 टक्के झाला, तर मासिक हप्ता सुमारे 640 रुपयांनी वाढतो. अनेकदा हप्ता तोच ठेवून कर्जाची मुदत वाढवली जाते आणि कर्जदाराच्या ते ध्यानातही येत नाही. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्हींचा मेळ घालायचा, याची निवड कर्जदाराला द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये दिली. श्रोत्याच्या दृष्टीने दराच्या घोषणेइतकीच ही माहितीही मोलाची आहे.

बाजारभावांच्या प्रसारणात चुकीची किंमत थेट शेतकऱ्याला मोजावी लागते. बाजार समित्या किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देतात. समजा, कांद्याचा कमाल दर क्विंटलला 2,400 रुपये आणि सर्वसाधारण दर 1,500 रुपये आहे. निवेदनात केवळ कमाल दर सांगितला गेला आणि तो ऐकून शेतकऱ्याने 20 क्विंटल माल टेम्पोत भरून बाजारात नेला, तर त्याच्या हिशेबात 18,000 रुपयांची तूट येऊ शकते. कमाल दर बहुधा निवडक उत्तम मालालाच मिळतो. म्हणून तिन्ही दर, आवक आणि तारीख यांची खातरजमा झाल्याखेरीज संहिता ध्वनिमुद्रणासाठी जाऊ नये, अशी अपेक्षा असते.

श्रोत्याला केवळ ऐकवायचे नाही, तर त्याचेही ऐकायचे, हा धडा भारतीय नभोवाणीला महाराष्ट्रातच मिळाला. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने परिसरातील पाच जिल्ह्यांतील 150 गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील प्रसारणांतून दिली जात. या अनुभवाच्या आधारे 1959 पासून ही योजना देशात अन्यत्र राबवली गेली.

आज पत्रांच्या जोडीला दूरध्वनी आणि व्हॉट्सॲप संदेश आले आहेत. प्रश्नांचे स्वरूप मात्र फारसे बदललेले नाही : माल आता विकावा की थांबावे, कर्ज लवकर फेडावे की नाही. अशा वेळी निर्मात्याने सल्लागाराची भूमिका घेणे धोक्याचे असते, कारण प्रत्येक घराचे उत्पन्न आणि देणी वेगळी असतात. निर्णय श्रोत्याचाच असतो. तो घेण्यासाठी लागणारी माहिती अचूक, वेळेवर आणि त्याच्या भाषेत पोहोचवणे, एवढीच निर्मात्याची जबाबदारी असते आणि ती लहान नाही.