सर्व्हरवरचा प्रोजेक्ट आणि न थांबणारा ब्रेकपॉइंट

चालू प्रोग्रॅम एखाद्या ओळीवर थांबावा म्हणून तिथे लावलेली खूण म्हणजे ब्रेकपॉइंट. व्हिज्युअल स्टुडिओत ती भरीव लाल ठिपक्यासारखी दिसते. प्रोग्रॅम सुरू होताच ठिपका पोकळ झाला, तर तिथे प्रोग्रॅम थांबणार नाही असे समजावे. प्रोजेक्ट ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या सर्व्हरवर असला की ही अडचण हमखास भेटते, आणि नवशिके लगेच कोड उचकायला बसतात. दोष बहुधा कोडमध्ये नसतोच.

कंपाइल करताना प्रोग्रॅमसोबत पीडीबी ही फाइल तयार होते. यंत्राची कोणती आज्ञा सोर्सच्या कोणत्या ओळीची, सोर्सचा पूर्ण पत्ता काय आणि त्यातल्या मजकुराचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) किती, हे तिच्यात नोंदलेले असते. ही नोंद समोरच्या फाइलशी जुळली नाही तर डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून तपासणारे साधन, त्या ओळीवर थांबत नाही. म्हणून आधी ‘मॉड्यूल्स’ खिडकी उघडावी. पीडीबी लोड झाली का आणि कुठून, हे तिथे कळते.

न जुळण्याच्या कारणांत पत्त्याचा घोळ सर्वांत जास्त. एकाच फोल्डरला एका संगणकावर झेड ड्राइव्ह म्हणतात, दुसऱ्यावर तेच थेट सर्व्हरच्या नावाने उघडतात. डीबगरच्या लेखी हे दोन वेगळे पत्ते. त्यातून व्हिज्युअल स्टुडिओ ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडला, तर साध्या लॉगिनमध्ये जोडलेला झेड ड्राइव्ह त्याला बहुधा दिसतच नाही. सगळ्यांनी एकच पत्ता वापरावा. जीडीबी या डीबगरमध्ये ‘सेट सबस्टिट्यूट-पाथ’ने जुना पत्ता नव्याशी जोडता येतो; पीएचपीच्या एक्सडीबग या डीबगरसाठी एडिटरमध्ये पाथ मॅपिंग द्यावे लागते.

दुसरे कारण घड्याळ. फाइल बदलली का, हे अनेक बिल्ड साधने तारीख-वेळेवरून ठरवतात. सर्व्हरचे घड्याळ मागे असेल आणि तयार प्रोग्रॅम स्थानिक डिस्कवर असेल, तर नुकतीच सेव्ह केलेली फाइलही जुनी ठरते. ती कंपाइल होत नाही आणि नव्या ओळींसमोर जुनाच प्रोग्रॅम धावतो. दोन्ही घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवावीत, मग ‘क्लीन’ करून ‘रीबिल्ड’ करावे. सोर्स तंतोतंत जुळण्याची अट सेटिंगमधून काढता येते, पण तो उपाय घातक आहे: डीबगर थांबतो, मात्र भलत्याच ओळीवर.

जुन्या डॉटनेट प्रोजेक्टमध्ये सुरक्षेचीही आडकाठी असे. नेटवर्कवरून चालवलेल्या प्रोग्रॅमला पूर्ण विश्वास मिळत नसे; 2008च्या डॉटनेट 3.5 सर्व्हिस पॅक 1पासून हा नियम सैल झाला.

हे सारे टाळण्यासाठी नव्या कामात सर्व्हरवर गिटची रिपॉझिटरी ठेवून कोडची प्रत स्वतःच्या डिस्कवर घ्यावी आणि बिल्डही तिथेच करावे.